वाजत्या गाड्यांचे हबीबभाऊ

आमच्या गावात मोटारसायकल बिघडली की ती हबीबभाऊंकडे जाते, दुरुस्त होते आणि वाजत परत येते. म्हणजे चालते उत्तम. चढावर दम टाकत नाही, थंडीत पहिल्या किकला सुरू होते. पण इंजिनातून टिक टिक टिक असा एक आवाज येतच राहतो, आणि तो आवाज काढून टाकायला हबीबभाऊ काही केल्या तयार होत नाहीत. तुम्ही टिकटिक घेऊन गेलात तर टकटक घेऊन परत येता. टकटक घेऊन गेलात तर टिक-टिक-टक असं काहीतरी नवीनच पदरात पडतं. गप्प गाडी त्यांच्या दुकानातून बाहेर पडलेली मी तरी पाहिलेली नाही.

मी या गावात नर्स आहे. सिंदेवाहीपासून बरंच आत, जंगलाच्या कडेला आमचं उपकेंद्र, त्याला चिकटून माझं क्वार्टर, आणि माझ्या वाट्याला जंगलातली विखुरलेली गावं. गरोदर बाया, लसीची लेकरं, तापानं फणफणलेली म्हातारी माणसं, सगळ्यांपर्यंत मोटारसायकलनं जायचं. स्कूटी या रस्त्यावर टिकत नाही, म्हणून मी सरळ मोटारसायकल शिकले. माहेर चामोर्शीचं. धानाच्या बांध्यांतून सायकल चालवत शाळेत गेलेली मी, मला मोटारसायकलचं काय भ्या? स्वभाव मात्र तापट आहे. नवरा भद्रावतीला फॅक्टरीत नोकरीला असतो आणि सुटीलाच घरी येतो. आपला संसार त्यामुळेच टिकला, असं तो चारचौघांत सांगतो.

तर हबीबभाऊ. उंच, पोक काढून चालणारे, दाढी पांढरी, आणि डोक्यावरची जाळीची टोपीही कधीकाळी पांढरीच असावी. जंगलातून येणारा रस्ता जिथे गावात शिरतो, तिथे त्यांचं टिनाचं दुकान. दुकानामागच्या खोलीतच राहतात, एकटे. समोर पुष्पाबाईची चहा-भज्यांची टपरी. जगातले सगळे दुकानदार रस्त्याकडे तोंड करून बसतात, गिऱ्हाईक दिसावं म्हणून. हबीबभाऊ रस्त्याकडे पाठ करून बसतात, तोंड भिंतीकडे. एकदा मी त्यांना म्हटलं, भाऊ, जरा वळून बसा, कोण आलं कोण गेलं ते दिसेल तरी. तर म्हणाले, "पाह्याचं काऊन बाई? आयकू येते नं." मोबाइलही वापरत नाहीत. पुतण्यानं घेऊन दिला होता, तो त्यांनी परत केला. "कानाले लावाले मले पेचकस पुरते," म्हणाले.

हा पेचकस म्हणजे हातभर लांब, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर. गाडी दुकानात आली की हबीबभाऊ ती सुरू करतात, पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. मग सगळ्यांनी गप्प राहायचं. पुष्पाबाईनं कढईखालची शेगडी बारीक करायची, कारण भज्यांची चुरचुर मधे येते. शेळ्या हाकलायच्या. कोणी खोकलं तरी हबीबभाऊ एक डोळा उघडून त्याच्याकडे बघतात.

"जरा दम धरा. गाडी बोलून राह्यली."

गाडी काय बोलली ते ऐकायला आपण उभे. हबीबभाऊ इंजिनाच्या या अंगाला ऐकतात, त्या अंगाला ऐकतात, खाली वाकून ऐकतात. मग डोळे उघडतात आणि निदान सांगतात. निदान नेहमी एकच असतं.

"टॅपेट."

टॅपेट म्हणजे काय, हे आमच्या गावात अंगणवाडीच्या पोरालाही ठाऊक आहे, कारण हबीबभाऊ ते प्रत्येकाला पहिल्यांदा सांगत असल्यासारखे सांगतात. इंजिनाच्या डोक्यात दोन लहान दांड्या वरखाली नाचतात आणि व्हॉल्व उघडतात. दांडी आणि व्हॉल्व यांच्या मधे कागदाएवढी फट ठेवावी लागते. फट जरा जास्त झाली की दांडी आपटते आणि टिकटिक वाजते. फट फारच कमी झाली तर आवाज बंद होतो, पण व्हॉल्व जळतो.

"म्हून सांगतो बाई, वाजणारा टॅपेट कोनाचं काई बिघडवत नाई. चूप झाला का समजा गडबड हाये."

यातलं शास्त्र खरं आहे म्हणतात. पण वाजणारा टॅपेट नीट बसवताही येतो, थोडी फट कमी केली की झालं. तेवढंच काम हबीबभाऊ करत नसत. किंवा करत, आणि मग पुन्हा सैल करून ठेवत.

आमच्या शाळेचे गुरुजी टापटिपीचे. त्यांच्या शर्टाची इस्त्री संध्याकाळपर्यंत मोडत नाही. त्यांची गाडी भर प्रार्थनेच्या वेळी टिकटिकत शाळेच्या आवारात शिरायची आणि पोरं हसायची. गुरुजी गाडी घेऊन गेले. दोन तासांनी घेऊन आले तर टक… टक… टक. पुन्हा गेले. हबीबभाऊ मन लावून त्यांचं सगळं ऐकून घेत होते.

"गुरुजी, पयले लय घाईची वाजे. तुमच्या चालीले शोभत नोती. आता कशी दमानं वाजते."

"मले वाजालेच नाई पायजे, हबीबभाऊ."

"असं कसं? शाळेच्या घंटीले म्हनता का, वाजू नको?"

गुरुजींनी किल्ली खिशात टाकली. माणूस चांगला, गाडी ढकलत घरी गेला, म्हणजे आवाज तरी होऊ नये.

सरपंचाच्या पोरानं धान विकल्यावर नवी गाडी घेतली तेव्हाची गोष्ट तर अजून टपरीवर सांगतात. सीटवरचं प्लॅस्टिक काढलेलं नाही, हँडलला झेंडूचा हार, असा तो चाकात हवा भरायला थांबला. हवा भरेपर्यंत समोर चहा घ्यायला गेला. चहा पिऊन वळतो तर हबीबभाऊंनी इंजिनाचं झाकण उघडलेलं. पोरगं कप टाकून धावलं.

"भाऊ, का करून राह्यले? नवी गाडी हाये."

"नवी हाये म्हून तं मुकी हाये," हबीबभाऊ शांतपणे म्हणाले आणि पाना फिरवत राहिले.

ते पोरगं आठवडाभर त्यांच्याशी बोललं नाही. पण गाडी त्यानं दुसरीकडे दाखवली नाही, कारण इथून दुसरीकडे म्हणजे सिंदेवाहीच, आणि सिंदेवाहीवाला हबीबभाऊंचं नाव ऐकताच म्हणतो, मग त्यांच्याकडंच जा बापा.

फक्त टॅपेटवर भागलं नाही तर हबीबभाऊ आणखी कुठे हात घालायचे. बँकेतल्या साहेबांची गाडी नुसत्या पंक्चरला आली आणि चेनकव्हर खडखडत परत गेली. दूधवाल्याच्या नंबरप्लेटचा एक नट त्यांनी ठेवूनच घेतला. विचारलं तर म्हणायचे, "तुह्या गाडीत तेवढं सोडून सांगाजोगं काईच नाई. कशी वळखू येइन?" आम्ही हसायचो. म्हातारा जरा सटकलेला आहे, पण हात चांगला आहे, असं आमचं सगळ्यांचं एकमत होतं.

आणि मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरचा मात्र त्यांना भारी राग. गावात एक दोन पोरांनी तसले लावून घेतले होते, फटफट करत, सगळा रस्ता डोक्यावर घेत यायचे. एकदा हबीबभाऊंनी त्यातल्या एकाला थांबवलं आणि हातातला तेलकट चिंध्यांचा बोळा सायलेन्सरच्या तोंडात कोंबला.

"तू येतो तं बाकीच्याइचं कोनाचंच आयकू नाई येत," म्हणाले.

पोरगं तणतणत गेलं. पुष्पाबाईनं मला डोळा घातला. तिचं आणि हबीबभाऊंचं दिवसभर भांडण चालायचं, शेगडीवरून, भज्यांच्या धुरावरून, शेळ्यांवरून. पण दुपारचा भात ती दोघांचा लावायची.

माझ्या गाडीचा आवाज तर सगळ्यांत विचित्र होता. टिक-टिक-टिक-टिक, मग एक ठोका गायब, आणि मग टिक. बाळाचे ठोके पोटात असे लागले असते तर मी त्या बाईला तडक जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं असतं. दिवसभर तेच काम करायचं आणि घरी येताना मांडीखाली तसलाच ठोका चुकणारा आवाज ऐकायचा, म्हणजे डोकं उठतं हो. एक दिवस माझं फिरलं. मी सरळ दुकानात गेले, बॅगेतला स्टेथोस्कोप काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"घ्या. पेचकसानं नाई आयकू येत तुमाले. यानं नीट आयका आन सांगा, हे बरं हाये का."

हबीबभाऊंनी हात पुसले. स्टेथोस्कोप घेतला, उलटा घातला, मी सुलटा करून दिला. मग त्यांनी तो इंजिनावर इतक्या अदबीनं ठेवला की माझाच राग अर्धा झाला. बराच वेळ डोळे मिटून ऐकत बसले. मग काय वाटलं कोण जाणे, चकती उचलून स्वतःच्या छातीवर ठेवली.

"बाई, माझा बी टॅपेट वाजून राह्यला."

"वाजू द्या. चूप झाला का गडबड."

हबीबभाऊ हसले. त्यांना हसताना पाहणं दुर्मीळ. मग त्यांनी माझा स्टेथोस्कोप पेट्रोलनं स्वच्छ पुसून दिला. पुढे कितीतरी दिवस त्याला वास येत होता. एका म्हातारीनं तर तपासताना नाक धरून विचारलं, "सिस्टर, तुमी माझा दमा पायता का माझ्यात तेल हाये का ते पायता?"

एवढं होऊन आवाज होता तसाच राहिला. फक्त तो आता ठोका चुकवून दोनदा टिकटिक करू लागला.

तरी त्यांचा खरा राग कधी आला नाही, त्याला एक कारण होतं. मी संध्याकाळी जंगलातून परतायची तेव्हा त्यांच्या दुकानावरून जायची. ते नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून कामात असायचे. मी जवळ आले की मागे न वळता हात वर करायचे, पान्यासकट. एवढंच. मीही हॉर्न वाजवायची आणि पुढे जायची. दिवसभर दुसऱ्यांचं दुखणंखुपणं ऐकून आलेल्या माणसाला तेवढं पुष्कळ होतं.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या दिवसांत मी माहेरी गेले, एसटीनं. नवरा सुटीला घरी आला होता, तो माझी गाडी घेऊन भद्रावतीला गेला आणि तिथल्या एका मोठ्या काचेच्या दुकानात दाखवून आणली. मी परत आले तेव्हा गाडी क्वार्टरपुढे उभी होती. नवऱ्यानं किक मारली आणि माझ्याकडे पाहिलं.

"सुरू हाये का?" मी विचारलं.

"हात लावून पाह."

लावला. हँडल थरथरत होतं, गाडी सुरू होती, आणि आवाज काहीच नाही. जरासा घूं, बस. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी नवऱ्याला एकही उलट शब्द बोलले नाही. त्याला काळजी वाटली.

नवरा सिंदेवाहीच्या बाजूनं आला आणि त्याच बाजूनं एसटीनं परत गेला, त्यामुळे हबीबभाऊंना यातलं काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. पुष्पाबाईकडे चहा घेतला, आज अगदी आतल्या गावाला लसीकरण आहे हे सांगितलं. हबीबभाऊ पाणी आणायला गेले होते. मनात म्हटलं, संध्याकाळी दाखवू म्हाताऱ्याला, कशी मुकी गाडी असते ती.

त्या दिवसांत आमच्या रस्त्यावर वाघ फिरत होता. म्हणजे तो फिरतोच, त्याचंच जंगल आहे, पण हा नाल्याच्या मोरीजवळ दोनदा लोकांना दिसला होता. वनखात्यानं दवंडी दिली होती, दिवस बुडायच्या आत घरी या. मी लवकर आटोपलं. उन्हं कलली होती तेव्हा गावात शिरलेही. बाजाराचा दिवस होता, पुष्पाबाई आपली कढई घेऊन बाजारात गेली होती, टपरी बंद. हबीबभाऊ भिंतीकडे तोंड करून कानशीनं काहीतरी घासत होते. मी दुकानापुढून गेले. हात वर झाला नाही, मीही हॉर्न वाजवला नाही.

रुसले असतील, म्हटलं. कळलं असेल भद्रावतीचं. अंग आंबून गेलं होतं, लेकरांची रडारड अजून डोक्यात होती. उद्या समजूत काढू, असं ठरवून मी पुढे गेले. गाडी मागच्या पडवीत लावली, मोबाइल संपला होता तो चार्जिंगला लावला, अंघोळ केली आणि जरा आडवी झाले. झोपच लागली.

दार वाजलं तेव्हा दिवेलागण झाली होती. उघडलं तर पुष्पाबाई. डोक्यावर कढई, हातात झारा. मला बघून ती पायरीवरच बसली.

"तुमी घरी हायात?"

"मंग कुठी असन?"

"आवो, हबीबभाऊ तुमाले धुंडाले जंगलात गेला."

मला काही समजेना. पुष्पाबाईनं दम घेतला आणि सांगितलं. हबीबभाऊ बाजारात तिच्याकडे आले होते. सिस्टर कोणत्या गावाला गेल्या, म्हणून विचारलं. अजून आल्या नाहीत, म्हणाले. ती म्हणाली, घरी जाऊन तर पाहा. तर म्हणाले, गाडी आलीच नाई, घरी का पाहू? आणि दुकानामागे पडून असलेली आपली खटारा मोपेड घेऊन निघून गेले.

"पन त्याइले काऊन वाटलं का मी नाई आली?"

पुष्पाबाई माझ्याकडे बघत राहिली. तुला एवढंही माहीत नाही, असं ते बघणं होतं.

"सिस्टर, तो रोज आयकते नं. गुरुजीची गाडी आली, दूधवाल्याची आली, सरपंचाच्या पोराची आली. ज्याची त्याची वाजणी त्यानंच लावून देल्ली. तुमी जंगलातून येता रोज सगळ्यात लास्ट. तुमची वाजली का दुकानाचं दार लावते. मी रोज पायतो समोरून. म्या म्हटलं तुमाले ठावं असन."

मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्या रस्त्यानं गेले आले, हसले, भांडले, आणि मला ठाऊक नव्हतं. बाहेर अंधारून येत होतं, नाल्यावर वाघ होता आणि तो म्हातारा माणूस माझ्यासाठी त्याच रस्त्यानं गेला होता. माझी गाडी गप्प होती म्हणून.

मी गाडी काढली. पुष्पाबाई कढई पायरीवर ठेवून मागे बसली, झारा तसाच हातात. "राहू द्या," मी म्हटलं. "असू द्या," ती म्हणाली. बाजारातून परतणाऱ्या गुरुजींना आणि सरपंचाच्या पोराला तिनं ओरडून सांगितलं. तेही गाड्या वळवू लागले, पण मी थांबले नाही.

गाव संपलं की दोन्ही बाजूंनी साग आणि बांबू. रस्ता अजून दिसत होता, झाडांखाली मात्र काळोख बसला होता. पुष्पाबाई माझ्या पाठीला चिकटून काहीतरी पुटपुटत होती. मी मनात हबीबभाऊंना शिव्या देत होते, आणि शिव्या देता देता म्हणत होते, असू दे बापा, फक्त असू दे.

मोरीजवळ मोपेड दिसली. स्टँडवर उभी, बंद. बाजूला रस्त्याच्या मधोमध हबीबभाऊ, पाठमोरे, मान एका बाजूला कललेली. ऐकत होते. आम्ही अगदी जवळ गेलो तरी त्यांना पत्ता नाही. माझ्या गाडीचा उजेड त्यांच्या पुढ्यात पडला तेव्हा ते दचकून वळले.

"हबीबभाऊ," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागच्या पुष्पाबाईकडे पाहिलं. मग खाली वाकून इंजिनावर तळवा ठेवला आणि चटका बसून काढला.

"चालू हाये का हे?"

"चालू हाये."

"मंग वाजून काऊन नाई राह्यली?"

"भद्रावतीले आवाज बंद करून आनला. मी कवाची घरी आली भाऊ. तुमच्या दुकानापुढूनच गेली."

हबीबभाऊ मोरीच्या कठड्यावर बसले. गुडघ्यांवर हात ठेवले.

"मी म्हटलं, गेल्या बाई," म्हणाले.

आणि मग माझा तोल सुटला. रागच बाहेर आला, दुसरं काही मला येतच नाही. अक्कल आहे का, म्हटलं. वाघ फिरतो आहे, दवंडी दिली आहे, हातात साधी काठी नाही, आणि वर गाडी बंद करून रस्त्यात उभे राहता? गाडी चालू ठेवली असती तर जनावर तरी लांब राहिलं असतं.

त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "चालू गाडीत आयकू नाई येत नं बाई. तुमी कुठी पडल्या बिडल्या असत्या, आवाज देल्ला असता, तं मले कसा आयकू आला असता?"

मला रडू आलं, लपवायचं कशाला. पुष्पाबाईनं झारा खाली ठेवला आणि कठड्यावर त्यांच्या बाजूला बसली.

"साऱ्या गावाची फिकीर तुमालेच काऊन भाऊ?" ती म्हणाली. तिच्या तोंडून इतका हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

हबीबभाऊंनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"मायबाप गेले तं मीच सगळ्याइले मोठं केलं. भाऊ, बहिनी. एकेकाचं लग्न लावलं, जो तो आपापल्या घरी गेला. चांगलं झालं. पन संध्याकाळ झाली का माह्या घरी कोनी यायचं नसते पुष्पाबाई. मानूस वाट कोनाची पाहीन? म्हून तुमची पायतो. गाडी वाजली का मनातल्या मनात म्हनतो, चाला, हे आली."

मागून गुरुजींची टक… टक… आली आणि तिच्यामागे सरपंचाच्या पोराची घाईघाईची टिकटिक. हबीबभाऊंनी न बघता मान डोलावली. मी डोळे पुसले.

"उद्या गाडी आनून देतो," मी म्हटलं. "पयल्यासारखी वाजाले पायजे."

"पयल्यासारखी नाई जमन बाई. टॅपेट आपल्या मनानं बोलते." कठड्यावरून उठत म्हणाले, "दुसरी चांगली लावून देइन."

परत निघालो. त्यांना आम्ही मधे घेतलं, पुढे गुरुजी, मागे मी आणि ते पोरगं. मोपेड धुराचे लोट सोडत होती. तिची दुरुस्ती त्यांनी कधी केलेली दिसत नव्हती, आणि त्यांच्यासाठी ती कोण करणार, हेही माझ्या मनात पहिल्यांदाच आलं.

दुकानातला दिवा तसाच जळत होता, पाने जमिनीवर पसरलेले. बाजारातून परतलेली बरीच माणसं टपरीपुढे उभी होती. एकेक करून गाड्या बंद झाल्या आणि हबीबभाऊ त्या बंद होईपर्यंत दाराशी थांबले.

"गुरुजी आले," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "हा आला. सिस्टर आल्या. चाला, सगळे आले." आणि टिनाचं दार ओढायला वळले.

"तुमचं नाव नाई घेतलं," पुष्पाबाई म्हणाली.

"माझं का?"

"सगळे तुमची वाट पायत उभे हायेत नं भाऊ. मानसं जंगलात गेली ते तुमच्यासाठीच गेली. तुमी आले, तवा सगळे आले."

हबीबभाऊ दाराला हात लावून उभे राहिले. टपरीपुढच्या माणसांकडे बघितलं. कोणीच जागचं हललं नव्हतं. मला वाटलं आता काहीतरी टॅपेटचं काढतील. पण त्यांनी दाराशी पडलेला एक पाना उचलून जागेवर ठेवला.

"बरं मंग," ते म्हणाले. "मी बी आलो."

आणि त्यांनी दार लावलं.